तार पंचायतीपर्यंत आली, पाड्यापर्यंत कधी?

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या महिला मंडळांच्या, बचत गटांच्या बाया आणि कार्यकर्त्या यांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



सकाळी चहाच्या वेळी एका मावशींनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "ताई, दारू, मारझोड, पाणी, रेशन हे सगळं संपलं का, म्हणून आज नेटवर भाषण ठेवलंय?" मावशींचा प्रश्न रास्त आहे. समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी या भागात कामाला आले तेव्हा मलाही कुणी सांगितलं असतं की एक दिवस तू तारांवर बोलशील, तर मी हसले असते. पण मावशी, यातलं काही संपलं नाही. झालंय इतकंच की रेशन, पोषण आहार, रोजगार, अनुदान हे सगळं एकेक करत तारेवर नेऊन ठेवलंय आणि तार मात्र आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून आज हा विषय.

एक प्रसंग सांगते. २०२५ च्या नोव्हेंबरातला. मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर मी गेले होते. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये चालू राहायचे तर ई-केवायसी करा, असं सरकारनं सप्टेंबरात सांगितलं होतं. आधी दोन महिन्यांची मुदत होती, नंतर ती वाढवावी लागली. नियम असा की बाईच्या स्वतःच्या आधारवर एक ओटीपी येणार आणि नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारवर दुसरा. या बाईचा नवरा दिवाळी झाल्याबरोबर वीटभट्टीवर गेलेला. घरात फोन एकच, तो त्याच्याबरोबर. दोन्ही आधारला नंबर त्याचाच. वाडीत रेंज नाही म्हणून ही बाई शेजारच्या मुलाचा फोन घेऊन टेकडीवर जाऊन बसायची. पान उघडायचं, मध्येच अडकायचं. ओटीपी जायचा भट्टीवर, नवऱ्याचे हात चिखलात. तो फोन बघून आकडे सांगेपर्यंत मुदत संपलेली. असे तीन दिवस गेले. तीन दिवसांची मजुरी बुडाली. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, पैसं सरकारचं, नाव माझं, आन् परवानगी नवऱ्याची न् टेकडीची."

सगळं भाषण या एका वाक्यात आहे. विधवा आणि टाकलेल्या बायांचं काय झालं ते तुम्ही जाणताच. ज्यांना नवरा नाही, बाप नाही, त्यांनी ओटीपी आणायचा कुठून? बोभाटा झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय केली गेली. पण मुळात योजना आखताना टेबलाभोवती बसलेल्यांना ही बाई आठवली नाही, हे लक्षात ठेवा.

आता तारेची गोष्ट. ती थोडी समजून घेऊ, कारण जे आपल्याला कळत नाही त्याच्यावर आपण भांडू शकत नाही.

आपल्यातल्या वयस्कर बायांना गावातला काळा फोन आठवत असेल. कुणाकडे? पोलीस पाटलाकडे, दुकानदाराकडे, नाहीतर पोस्टात. पुढे नाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. हा सगळा कारभार तांब्याच्या तारेवर चालायचा. तांब्याच्या तारेतून विजेच्या रूपात आवाज जातो. २००० सालच्या १ ऑक्टोबरला सरकारी दूरसंचार खात्याची बीएसएनएल कंपनी झाली आणि २००५ च्या जानेवारीत त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड इंटरनेट द्यायला सुरुवात झाली. तेव्हा सरकारी व्याख्येत २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ मध्ये ती व्याख्या २ मेगाबिटवर नेली, म्हणजे जवळजवळ आठपट.

तांब्याची एक खोड आहे. अंतर वाढलं की त्यातला जोर कमी होतो. टेलिफोन एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरपलीकडे गेलात की बोलणं ऐकू येतं, पण इंटरनेट रांगायला लागतं. आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. एक्स्चेंज कुठे? तालुक्याच्या गावी, नाहीतर बाजाराच्या मोठ्या गावात. आणि पाडे कुठे? डोळखांबच्या वर, टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. म्हणजे तांब्यावरचं इंटरनेट बाजारपेठेत आलं, मास्तरांच्या घरी आलं, पण पाड्याला ते कधी मिळालंच नाही. वर पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरायचं, तांब्याला भाव म्हणून तारा चोरीला जायच्या. २०२० च्या जानेवारी अखेरीस बीएसएनएलच्या ७८ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सायकलवरून येऊन खांबावर चढणारा लाइनमन दिसेनासा झाला. मग ती तार दुरुस्त कोण करणार?

जगातही हेच प्रश्न आले. ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये सरकारनं घरोघरी फायबर द्यायचं ठरवलं. २०१३ मध्ये दुसरं सरकार आलं, ते म्हणालं, इतका खर्च कशाला, शेवटच्या टप्प्याला जुनं तांबंच वापरू. काही वर्षांत ते ठिगळ पुरेना आणि २०२० मध्ये पुन्हा फायबरकडे वळावं लागलं. गरिबाला स्वस्तातलं ठिगळ दिलं की शेवटी ते महाग पडतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

फायबर म्हणजे काय? केसासारखी बारीक काच. तिच्यातून वीज नाही, उजेड जातो. उजेड कित्येक किलोमीटर गेला तरी फारसा मंदावत नाही. काचेला गंज नाही, चोराला तिचा उपयोग नाही. म्हणून तांब्याला नवा मुलामा देत बसण्यापेक्षा फायबर टाकणं शहाणपणाचं, यात वाद नाही. मी इथे तांब्याचे गोडवे गायला उभी नाही.

पण तांब्याचा एक गुण सांगायलाच हवा. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, तिथे बॅटऱ्या असायच्या. गावातली लाइट गेली तरी फोन चालायचा. फायबरचं तसं नाही. काचेतून वीज येत नाही, घरातला डबा घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की डबा बंद. ब्रिटनमध्ये तांब्याचं जुनं टेलिफोन जाळं डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं, ते जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकललं. कारण काय? म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरात मदतीसाठी दाबायची जी घंटा असते ती याच तारेवर चालायची आणि काही ठिकाणी बदल करताना ती बंद पडली. तिथे त्यावर आवाज उठला आणि तारीख बदलली. आपल्याकडे जून-जुलैत चार-चार दिवस लाइट जाते. रात्री नवऱ्यानं मारलं आणि १८१ ला फोन लावायचा आहे, किंवा कळा सुरू झाल्यात आणि १०८ ची गाडी हवी आहे, तेव्हा डबा बंद असेल तर? हा प्रश्न आपण विचारला नाही तर कुणी विचारणार नाही.

आता सरकारनं काय केलं ते बघू. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायचं, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं २०११ च्या ऑक्टोबरात घेतला. पुढे त्या योजनेचं नाव भारतनेट झालं. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावानं राज्य सरकारमार्फत झालं. पैसा कुठला? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नाचा काही हिस्सा ग्रामीण भागातल्या सेवेसाठी एका निधीत जमा होतो. म्हणजे तुम्ही-आम्ही रिचार्ज मारतो त्यातलेच पैसे. ही कुणाची मेहेरबानी नाही. पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुधारित योजनेला मंजुरी मिळाली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची.

एवढा पैसा. आणि तार थांबते कुठे? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर.

मी एका ग्रामपंचायतीत गेले होते. नाव सांगत नाही. भिंतीवर लोखंडी कपाट, त्यात तारेचं यंत्र. कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे? एकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. यंत्र चालू आहे का? तर विजेचं बिल थकलंय म्हणून लाइन कापलेली. रेकॉर्डवर ही पंचायत 'जोडलेली' आहे. त्या पंचायतीचे सात पाडे आहेत, सगळ्यात लांबचा पाडा पावसाळ्यात ओढ्यापलीकडे तुटतो. तिथल्या बाईच्या दृष्टीनं ती तार पंचायतीत आली काय आणि दिल्लीत राहिली काय, सारखंच.

शहापूरच्या बायांना ही गोष्ट नवीन नाही. तानसा धरण १८९२ सालचं. नंतर भातसा आलं. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा आपल्या तालुक्यातून जातो. जमीन आपली बुडाली, जलवाहिनी आपल्या उशाशी आणि एप्रिल-मे आला की आपण टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतो. तारेचंही तेच होऊ घातलंय. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालून साऱ्या जगाच्या केबल येतात. तिथून देशात जायला वाट कुठली? महामार्ग आणि रेल्वे. रेल्वेची स्वतःची फायबर रुळांच्या कडेनं देशभर गेलेली आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही आपलीच स्टेशनं. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातूनच जातो. पाणी, रेल्वे, रस्ता, तार, सगळं आपल्या अंगणातून जातं. थांबत काही नाही. परवा एका आजीनं विचारलं, "पानी गेला मुंबईला, आता ह्यो नेट पन दारावरून जाल का?"

आणि पाणी नसलं की पायपीट कुणाची? बाईची. तसंच नेट नसलं की पायपीट कुणाची? हिशोब करून बघा. पोषण ट्रॅकर २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल सरकारला परत केले, ते आंदोलन तुमच्यातल्या कित्येकींनी केलंय. जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या आहारासाठी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. रेंज नसेल तर सेविका काय करणार? गरोदर बाईला घेऊन रेंजमध्ये जाणार. २०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा ॲपवर फोटो सक्तीचा झाला. फोटो चढला नाही तर हजेरी बुडाली. घाम गाळला तो गाळलाच, वर पुरावा नाही म्हणून मजुरी नाही. रेशनला अंगठा. जिथे यंत्र चालत नाही तिथे सकाळची बाई संध्याकाळी पुन्हा येते. या फेऱ्यांना कुणी काम म्हणत नाही, त्याची मजुरी कुठे लागत नाही. घरकामासारखंच, हेही बाईचं बिनपगारी काम.

मुरबाड तालुक्यातलं धसई तुम्हाला माहीत आहे. नोटाबंदीनंतर महिना पुरा व्हायच्या आत, १ डिसेंबर २०१६ ला, राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री आले आणि धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. दुकानदारांकडे कार्ड घासायची यंत्रं आली, छायाचित्रं आली. मी धसईच्या लोकांना नावं ठेवत नाही. त्यांनी उत्साहानं केलं. पण मला पडतो तो प्रश्न वेगळा. डोंगरातून करवंदांची, रानभाज्यांची पाटी घेऊन बाजारात येणाऱ्या ठाकर बाईकडे कुठलं यंत्र होतं? यंत्र तारेवर किंवा रेंजवर चालतं. जिच्या पाड्यावर दोन्ही नाही, ती त्या घोषणेत होती का? गाव म्हटलं की पेठ डोळ्यांसमोर येते, पाडा येत नाही. आणि घर म्हटलं की पुरुष डोळ्यांसमोर येतो, बाई येत नाही. या दोन्ही चुका एकाच जातीच्या.

आता जरा अवघड भाग. तार घरात आली म्हणजे बाई मोकळी झाली, असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २१ मध्ये झाली. देशात इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरतात असा मोबाइल असलेल्या बाया ५४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायांकडे तोही नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांचाही फोन रात्री कोण तपासतं? "कुणाशी बोलत होतीस?" यावरून किती मारहाणी होतात ते आपल्या सल्ला केंद्राच्या नोंदवहीत बघा. आणि मुलीचं लग्न लवकर उरकायचं ठरलं की पहिलं काय काढून घेतात? फोन.

या बाबतीत केरळातल्या एका मुलीची लढाई लक्षात ठेवण्यासारखी आहे. फहीमा शिरीन तिचं नाव. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेत फोन जमा करायचा नियम होता. तिनं नकार दिला, तिला काढून टाकलं, ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे आणि तिला परत घ्या. एका मुलीनं फोन द्यायला नाही म्हटलं म्हणून हे झालं. आपल्या आश्रमशाळांमधल्या मुलींना हा निकाल सांगा.

तर करायचं काय? मी पाच गोष्टी मांडते, त्यावर दुपारच्या गटचर्चेत बोला, भर घाला, खोडून काढा.

पहिली, मागणी. २०२३ च्या सुधारित योजनेत ग्रामपंचायतीच्या पलीकडच्या गावांना मागणी केल्यास तार द्यायची तरतूद आहे. मागणी केल्यास! मग ती आपण करायला नको का? आपल्याकडे ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथे ठराव करा आणि त्यात 'गाव' असं मोघम लिहू देऊ नका. पाड्याचं नाव लिहा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तिथे पेसा कायदा लागू आहे आणि पाड्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. पेसाचा अबंध निधी कशावर खर्च व्हावा हे ठरवताना हा विषय काढा.

दुसरी, तार कुठे संपावी. पंचायतीच्या कपाटात नको. अंगणवाडीत, आरोग्य उपकेंद्रात, रेशन दुकानात, आश्रमशाळेत संपावी. जिथे बाई रोज जाते, जिथे जायला तिला कुणाची परवानगी लागत नाही, तिथे. आणि डब्याला बॅटरी किंवा सौर दिवा हवाच. चार दिवस लाइट नसते तेव्हा ती तार आपल्या खरी उपयोगाची.

तिसरी, किल्ली. भारतनेटमध्ये गावातल्या माणसानं शेवटच्या टप्प्याची जोडणी आणि देखभाल करायची, उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी पद्धत आहे. तो 'गावातला माणूस' प्रत्येक वेळी पुरुषच का? बचत गटांचा ग्रामसंघ का नाही? पीएम-वाणी म्हणून डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली योजना आहे, तिच्यात लहान दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय वायफाय विकू शकतो. पापड-लोणच्याच्या पुढे आपले गट कधी जाणार? खांबावर चढायला शिकलेली मुलगी मला बघायची आहे. हातपंप दुरुस्त करायला बाया शिकल्या तेव्हाही लोक हसले होते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तार येईल तेव्हा येईल. तोवर रेंज नाही म्हणून हक्क बंद होता कामा नये. रेशनच्या बाबतीत केंद्र सरकारचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्रक स्पष्ट आहे. नेटवर्क नाही, अंगठा जुळत नाही, म्हणून धान्य नाकारायचं नाही. रेशनकार्ड बघून द्यायचं आणि अपवाद नोंदवहीत लिहायचं. किती दुकानात ही वही आहे? उद्यापासून विचारायला लागा. आणि हेच तत्त्व आहार, मजुरी, अनुदान सगळ्याला लावा. कागदावरची सही चालली पाहिजे. नवऱ्याच्या ओटीपीची अट तर मुळातच उपटून काढली पाहिजे. बाईच्या हक्कावर दुसऱ्याची सही का?

पाचवी, शिकणं. आपल्यातल्या किती जणींचा पासवर्ड मुलाला माहीत आहे आणि आपल्याला नाही? हसू नका, मागच्या शिबिरात हात वर करायला सांगितले तर निम्म्याहून जास्त हात वर झाले. प्रत्येक मंडळानं महिन्यातून एक बैठक यासाठी ठेवावी. स्वतःचा नंबर स्वतःच्या आधारला, स्वतःच्या खात्याला जोडणं, हे पहिलं काम. सेतू केंद्रावर रांग लागेल, लागू दे. दहा जणी मिळून जा.

मावशी, सकाळच्या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच. आपण पाण्यासाठी मोर्चे काढले तेव्हा आपल्याला कुणी पाण्याचं शास्त्र शिकवलं नव्हतं. पाइप कुठून येतो, व्हॉल्व्ह कुणाच्या हातात आहे आणि आपल्या पाड्याला थेंब का नाही, एवढंच आपण विचारत गेलो. आता तारेबद्दल तेवढंच विचारायचं आहे. कुठून येते, किल्ली कुणाकडे, आणि आपल्या पाड्याच्या आधीच का थांबते.

टेकडीवर बसलेल्या त्या बाईचं केवायसी शेवटी झालं. नवऱ्यानं एक दिवस भट्टीवरून सुट्टी काढली, म्हणजे त्याचीही मजुरी गेली. दीड हजारासाठी दोघांची मिळून चार दिवसांची मजुरी. हा हिशोब मी तिच्यासमोर कागदावर मांडला. तिनं तो कागद घडी घालून पोलक्यात ठेवला आणि म्हणाली, "ग्रामसभेला घेऊन जाईन."

आपण सगळ्याजणी तिच्याबरोबर जाऊ. एवढंच सांगून थांबते.